घोड्याची चेहरेपट्टी

कागद नसलेला घोडा घेणाऱ्याचे म्हणणे बहुतेक वेळा एकच असते. घोडा समोर उभा आहे, दात पाहिले, चाल पाहिली, पाय चाचपले, मग कागद हवा कशाला? घोड्याच्या गुणांपुरते हे म्हणणे खरे आहे. अनुभवी माणसाची नजर पुष्कळ काही सांगते. पण घोड्यांच्या व्यवहाराचा गेल्या सात शतकांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की कागद गुणांसाठी जन्मालाच आला नव्हता. समोर उभा असलेला घोडा नेमका कोणता, या प्रश्नातून तो जन्मला. ओळखीच्या या प्रश्नापुढे नजर हतबल ठरते आणि घोड्याच्या बाजारातली मोठी फसवणूक इथेच होत आली आहे.

दिल्लीच्या अल्लाउद्दीन खलजीने लष्करातल्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली, ती एकच घोडा हजेरीत दोनदा दाखवला जाऊ नये म्हणून. सरदाराला तनखा मिळे तो स्वार-घोड्यांच्या संख्येवर. त्यामुळे गणतीच्या दिवशी उसने घोडे आणायचे आणि गणती आटोपली की परत धाडायचे, हा सोपा धंदा होता. शेरशहाने डागाची पद्धत पुन्हा चालू केली आणि 1573-74 च्या सुमारास अकबराने ती आपल्या मनसबदारांवर लादली. तिला विरोध एवढा झाला की खुद्द बादशहाचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका त्या पायी मर्जीतून उतरला. डागाच्या जोडीला लेखी वर्णन असे, त्याला चेहरा म्हणत. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनच्या सुभ्यांतले असे कागद आजही हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत स्वाराचे नाव, बापाचे नाव, वय, वर्ण, तोंडावरचे तीळ आणि व्रण लिहिलेले असत, आणि मग त्याच्या घोड्याचा रंग, अंगावरच्या खुणा आणि डाग. घोड्याची आई कोण, बाप कोण, याची त्या कारकुनाला फिकीर नव्हती. आज आलेला घोडा मागच्या हजेरीतलाच आहे ना, एवढेच त्याला ताडून पाहायचे होते, आणि तेवढ्यासाठी तो कागद पुरेसा होता.

यावर कोणी म्हणेल की मराठ्यांनी ज्या घोड्यांवर बसून अटकेपर्यंत मजल मारली, त्यांच्या वंशावळी कुठे होत्या? भीमाकाठची भीमथडी तट्टे कोणत्या पुस्तकात नोंदलेली होती? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर मराठी लष्कराच्या रचनेतच आहे. बारगीर पागेच्या सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. पागेचा घोडा सरकारची मालमत्ता, म्हणून त्याचा हिशेब सरकार ठेवी. शिलेदाराचा घोडा मेला किंवा लंगडला तर नुकसान त्याचे स्वतःचे. शिवाय तट्टू कसे आहे हे पहिल्याच मोहिमेत कळे, आणि त्याच्या आजोबाच्या नावाचे पैसे कोणी मोजलेले नसत. जोवर घोड्याच्या अंगच्या कामाचीच किंमत दिली जाते, तोवर नजर पुरते. नावाची, वयाची किंवा वंशाची किंमत मोजायची वेळ आली की नजरेचा अधिकार संपतो. कागदाशिवायचा धोका सुरू होतो तो त्या क्षणी.

इंग्लंडमध्ये हे फार महागात पडून कळले. तिथल्या शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ सांगणाऱ्या 'जनरल स्टड बुक'ची प्रास्ताविक आवृत्ती 1791 मध्ये निघाली होती. तरीही अर्ध्या शतकानंतर, 1844 च्या डर्बीत, फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असलेल्या त्या शर्यतीत 'रनिंग रेन' या नावाने पहिला आलेला घोडा प्रत्यक्षात 'मॅकाबियस' नावाचा चार वर्षांचा घोडा होता. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे हाडापेराचा आणि दमाचा मोठा फरक. ही अदलाबदल गुडमन नावाच्या जुगाऱ्याने केली होती. आदल्या वर्षी न्यूमार्केटला याच घोड्याच्या वयावर रीतसर हरकत घेतली गेली होती, पण तबेल्यातल्या एका पोराने ओळख पटवून दिली आणि हरकत फेटाळली गेली. पुस्तकात दोन्ही घोड्यांचे मायबाप होते. पण पुस्तकातले नाव समोरच्या जनावराच्या अंगाशी बांधणारे काहीही नव्हते, म्हणून एका पोराच्या तोंडी साक्षीवर सगळे तरून गेले. पुढे लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने माग काढला, तेव्हा तो लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या एका केशकर्तनकारापर्यंत जाऊन पोचला. गुडमनने तिथून केसांचा कलप घेतला होता. त्याच शर्यतीत धावलेल्या 'लिअँडर' नावाच्या घोड्याचा पाय मोडला आणि त्याला मारावे लागले. त्याचा जबडा तपासल्यावर त्याचेही वय जास्त असल्याचे पशुवैद्यांनी सांगितले. म्हणजे एकाच डर्बीत दोन घोडे खोट्या वयाचे.

या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करावा असा माणूस मला गुडमन वाटत नाही, अलेक्झांडर वूड वाटतो. तो एप्समचा धान्याचा व्यापारी. शर्यतीच्या दिवशी कागदोपत्री मालक तोच होता, आणि लबाडीत त्याचा हात नव्हता असेच बहुतेकांनी मानले. बक्षिसाच्या रकमेसाठी दुसऱ्या क्रमांकाच्या 'ऑर्लँडो'चा मालक कर्नल पील याच्याविरुद्ध तो कोर्टात गेला. न्यायमूर्ती ऑल्डरसन यांनी साधी मागणी केली की घोडा हजर करा. घोडा गायब झाला होता. वूडला दावा सोडावा लागला आणि डर्बी ऑर्लँडोला मिळाली. ओळख न पटलेला घोडा ज्याच्या हाती शेवटी राहतो, त्याच्याच गळ्यात सगळे येते. लबाडी करणारा तोवर व्यवहारातून बाजूला झालेला असतो. वूडला घोडा ओळखता येत नव्हता असे नाही. तो जनावर म्हणून खरोखरच उत्तम होता, डर्बी त्याने धावून जिंकली होती. फक्त तो 'तो' घोडा नव्हता.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. कागद स्वतःच अन्यायाचे हत्यार होऊ शकतो. 1913 मध्ये इंग्लंडने 'जर्सी अ‍ॅक्ट' म्हणून ओळखला जाणारा नियम केला. ज्या घोड्याची सर्व घराणी आधीच्या स्टड बुकात सापडत नाहीत त्याला नोंद नाही, असा त्याचा अर्थ, आणि रोख अमेरिकन घोड्यांवर होता. पुढच्याच वर्षी 'दरबार दुसरा' या घोड्याने डर्बी जिंकली आणि आईकडच्या अमेरिकन रक्तामुळे स्टड बुकात त्याला जागा नव्हती. हा नियम 1949 पर्यंत टिकला. इथे कागदाने उत्तम घोड्याला हलके ठरवले, हे मान्य करायलाच हवे. पण हा दोष वंशाच्या अर्ध्या भागाचा आहे, ओळखीच्या भागाचा नाही. 'दरबार' कोण आहे, कोणाच्या पोटचा आहे, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. वाद होता तो मोठेपणाचा. मोगल कारकुनाकडे अंगाची ओळख होती, वंश नव्हता. इंग्रजी पुस्तकात वंश होता, अंगाशी बांधणी नव्हती. आजच्या नोंदणीत रेखाचित्र, मायक्रोचिप आणि डीएनए यांनी हे दोन्ही अर्धे एकत्र आणले आहेत, आणि ते तसे एकत्र असले तरच कागदाला अर्थ आहे. आपल्याकडे अश्वपरीक्षेत शुभाशुभ म्हणून पाहिले जाणारे भोवरेच आजच्या ओळखपत्रात नेमक्या जागेसह काढून ठेवतात, कारण ते रंगवून बदलत नाहीत आणि वयाने पुसत नाहीत.

भारतातल्या शर्यतीच्या घोड्यांची नोंद पुण्याहून ठेवली जाते. त्या पुस्तकात नाव नसलेला घोडा मान्यताप्राप्त मैदानावर धावू शकत नाही, मग तो कितीही वेगवान असो. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी आणि काठियावाडी म्हणून जे घोडे उभे असतात, त्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी जवळचा आहे. तिथे मोठी रक्कम बहुतेक वेळा वंशाच्या दाव्यावर लागते. वळलेले कान सगळ्यांना दिसतात. आई-बाप कोणालाच दिसत नाहीत. दातांवरून सांगितलेले वयही प्रौढ घोड्यात अंदाजाचेच असते, आणि दात कोरून ते कमी दाखवण्याची युक्ती जुनी आहे. ग्लँडर्ससारख्या रोगाची तपासणी झाल्याचा दाखला पुढे केला जातो, पण तो याच घोड्याचा आहे हे ठरवणारी खूण त्यावर नसेल तर त्या दाखल्याचा घेणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. म्हणून यंदा यात्रेत घोडा पाहायला जाणाऱ्यांना एवढीच विनंती. कागद पुढे आला तर आधी घोड्याच्या कपाळावरचा टिळा, पायांची पांढरी आणि भोवरे त्याच्याशी एकेक करून ताडून पाहा, आणि चिप असेल तर ती वाचून घ्या. कागद नसेल तर घोडा जरूर घ्या, पण पैसे फक्त डोळ्यांना दिसते त्याचे द्या.