फोन आडवा केला की व्हिडिओ पहिल्यापासून

आजचा भाग छोटा आहे, पण विषय माझ्या चांगलाच अंगाशी आलेला आहे.

2013 साली मी शिकवणीचं एक अँड्रॉइड ॲप बनवत होतो. त्यात गणिताचे धडे व्हिडिओवर होते. एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, फोन आडवा केला की धडा पहिल्यापासून सुरू होतो. सरळ केला की परत पहिल्यापासून. धडा संपायच्या आधी माझा नेटपॅक संपतो." मला हे कधी दिसलंच नव्हतं, कारण मी फोन टेबलावर ठेवूनच तपासायचो!

चूक माझीच होती, पण तिची मुळं जरा जुनी आहेत. सिनेमा आडवा, टीव्ही आडवा आणि फोन मात्र आपण हातात उभा धरतो. 2007 च्या आयफोनमध्ये ॲक्सलरोमीटर होता. गुरुत्वाकर्षणाची ओढ कुठल्या बाजूला आहे हे त्यावरून कळतं आणि स्क्रीन त्याप्रमाणे वळते. 2008 मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर, म्हणजे जी-वनवर, आतला कीबोर्ड सरकवून बाहेर काढला की स्क्रीन आडवी व्हायची. फोन नुसता फिरवला की आपोआप वळणं 2009 च्या 'कपकेक' आवृत्तीत आलं.

आता गंमत बघा. अँड्रॉइडचा नियम असा, की फोन वळला की समोरची ॲक्टिव्हिटी मोडायची आणि नव्याने उभी करायची. उभ्यासाठी एक मांडणी, आडव्यासाठी दुसरी, मग जुनी कशाला ठेवायची? फोनची भाषा बदलली तरी हेच होतं. यादी किंवा फॉर्म असेल तर फारसं बिघडत नाही. पण व्हिडिओचं काय? ॲक्टिव्हिटीबरोबर तिच्यातला प्लेयर जातो, आणि त्याने आधीच उतरवून ठेवलेला पुढचा भागही जातो. मी आधी फक्त कितवा सेकंद चालू होता ते जपून ठेवलं. धडा तिथूनच सुरू व्हायला लागला, पण डेटा पुन्हा उतरायचाच.

मग मॅनिफेस्टमध्ये 'ओरिएंटेशन' लिहिलं. म्हणजे सिस्टीमला सांगितलं, बाई, तू मोडू नकोस, वळणं मी बघतो. तरीही धडा अडखळायचाच! दोन दिवस डोकं धरून बसलो. 2011 च्या 3.2 आवृत्तीपासून फोन वळला की स्क्रीनचा आकारही बदलला असं धरतात, त्यामुळे 'स्क्रीनसाइज' हा शब्दही लिहावा लागतो. एका शब्दाचं काम. अशी माहिती ॲक्टिव्हिटीच्या बाहेर सांभाळणारं व्ह्यूमॉडेल गूगलने 2017 मध्ये आणलं, पण तेव्हा आमच्याकडे ते कुठून असणार!

नवीन आवृत्ती दिल्यावर त्याच मुलाचा परत फोन आला. "सर, आता मस्त चालतं. पण कुशीवर झोपून बघितलं की चित्र आडवं होतं." बरोबरच होतं. सेन्सरला जमीन कुठे आहे ते कळतं, बघणाऱ्याचं डोकं कुठे आहे ते नाही. मग प्लेयरवर एक कुलपाचं बटण दिलं.