वेबपानाचा इतिहास आणि फोटोत अडकलेली सरकारी माहिती

साधं वेबपान बनवणं हा फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा विषय आहे असं आपल्याला वाटतं. पण गावच्या कामांची यादी आपल्याला शोधता येते की नाही, हे त्यावरच ठरतं. म्हणून हा इतिहास थोडक्यात.

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतलं वेब बाहेरच्या जगाला खुलं केलं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. ना रॉयल्टी, ना परवानगी.

तेव्हाचं पान म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेली एक साधी फाइल. त्यात दोन अडचणी होत्या.

पहिली रूपाची. रंग, अक्षरांचा आकार हे सगळं मजकुरातच कोंबायला लागायचं. शंभर पानं असतील तर मथळ्याचा रंग शंभर ठिकाणी बदला! ऑक्टोबर १९९४ मध्ये होकुन विउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने, तोही तेव्हा सर्नमध्येच होता, उपाय मांडला: मजकूर एका फाइलीत, रूपाचे नियम दुसऱ्या फाइलीत. नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसचं पहिलं मानक आलं.

दुसरी अडचण म्हणजे पान हलत नव्हतं. जे लिहून ठेवलं तेच सगळ्यांना दिसणार. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये आपला बायोडेटा किती जण बघतात हे मोजायला छोटे प्रोग्राम लिहिले. जून १९९५ मध्ये ते ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने सगळ्यांना देऊन टाकले. हीच पीएचपीची सुरुवात. पुढे इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या विद्यार्थ्यांनी ते नव्याने लिहिलं, आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. विकिपीडिया, वर्डप्रेस आणि सुरुवातीचं फेसबुक याच भाषेवर उभं राहिलं.

आता हे चालतं कसं? समजा ग्रामपंचायतीचं पान आहे. कामं, खर्च, ठेकेदार हे डेटाबेसच्या तक्त्यात. तुम्ही ‘२०२३ ची कामं’ मागितली की सर्व्हरवरची स्क्रिप्ट तेवढ्याच ओळी काढते, त्यांचं एचटीएमएल बनवते आणि पाठवते. ते दिसायचं कसं, हे ब्राउझर सीएसएसच्या फाइलीवरून ठरवतो. माहिती एका जागी, रूप दुसऱ्या जागी. मोबाइलसाठी रूप बदललं तरी खर्चाचा आकडा तोच राहतो.

मराठीची गोष्ट इथेच वेगळी झाली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. आपली बरीच वर्तमानपत्रं वेबवर गेली ती आपापल्या फॉन्टमध्ये. आत साठवलेली अक्षरं इंग्रजी, वर चेहरा मराठीचा! फॉन्ट नसेल तर नुसता कचरा दिसायचा, आणि शोध तर अशक्यच. म्हणजे माहिती पुन्हा रूपाला बांधली गेली. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती २००० साली आली. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोड आणि पीएचपीवर चालतो, म्हणून त्यातला शब्दन् शब्द आज सापडतो.

आता सरकारकडे बघा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की नोंदी संगणकावर आणा, माहिती स्वतःहून जाहीर करा, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करा. तरीही कितीतरी कार्यालयांच्या साइटवर काय असतं? शिक्का मारलेल्या कागदाचं वाकडं स्कॅन. ती माहिती नाही, माहितीचा फोटो आहे. त्यात गावाचं नाव शोधता येत नाही, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, आणि अंध माणसाच्या फोनला तो फोटो वाचून दाखवता येत नाही.

यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत, आणि तीही पंचवीस वर्षांहून जास्त काळ. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत रस्ता-पाण्याबरोबर एक मागणी जरूर करा: यादी युनिकोड मजकुरात द्या, तक्त्यात द्या. कागद दाखवला म्हणजे माहिती दिली असं होत नाही, मंडळी.