नव्याचा सण आणि चिकाचा हलवा

शरद ऋतु लागला कीं थंड मुलुखांत सफरचंदें झाडांवरून उतरतात, आणि तिकडील गृहिणी त्यांच्या फोडींवर साखर, दालचिनी व लोण्यांत चोळलेलें पीठ पसरून घरच्या भट्टींत तीं खरपूस भाजते. याच दिवसांत यहुदी लोकांचें नववर्ष येतें. आणि वर्ष गोड जावें म्हणून युरोपांतील यहुदी सफरचंदाची फोड मधांत बुडवून खातात. हेंच नववर्ष अलिबागच्या किनाऱ्यावरहि शतकानुशतकें पाळलें गेलें. मात्र तेथें सफरचंद पिकत नव्हतें. पिकत होता भात आणि नारळ. तेव्हां अलिबागच्या यहुद्यांनीं वर्षाचा पहिला दिवस गोड केला तो कशानें? हा प्रश्न वरवर पाहतां पाकशास्त्राचा. परंतु त्याचें उत्तर शोधूं जातां एका समाजाचा सारा इतिहासच उलगडत जातो.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते कीं, फार प्राचीन काळीं एक जहाज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि बुडालेल्यांना तेथेंच पुरलें. ही गोष्ट नेमकी कोणत्या शतकांतली, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. निर्विवाद आहे तें एवढेंच कीं, हे लोक कोंकणांत मिसळून गेले, मराठी त्यांची मायबोली झाली, आणि रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर अशीं गांवांवरून पडलेलीं आडनांवें त्यांनीं धारण केलीं. तेल गाळणें हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारीं त्यांचा घाणा बंद राही, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

त्यांच्यापाशीं धर्मग्रंथ उरले नव्हते आणि हिब्रू भाषाहि विस्मृतींत गेली होती. मग धर्म टिकला कोठें? कांहींसा शनिवारच्या विश्रांतींत, कांहींसा एका लहानशा प्रार्थनेंत, आणि पुष्कळसा चुलीपाशीं. डेव्हिड राहाबी नांवाचा धर्मशिक्षक या लोकांत आला, तेव्हां त्यानें बायकांपुढें मासे ठेवले. त्यांनीं खवले असलेले मासे वेगळे काढून बिनखवल्यांचे बाजूस सारले आणि त्यावरून हे आपलेच बांधव अशी त्याची खात्री पटली, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, समाजाचा पुरावा स्वयंपाकघरांत शोधावा हें तिचें मर्म खोटें नाहीं.

सणांच्या नांवांवरूनहि हेंच दिसतें. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहिला. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. त्यांत जुन्या सणांचीं मराठी नांवें आलीं आहेत. उपासाच्या महापर्वाला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशीं घराचीं दारें लावून घेत. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला ‘बिरड्याचा सण’. आणि वर्षारंभाला ‘नव्याचा सण’. पाठोपाठ तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशीं येई तो ‘खिरीचा सण’.

‘नव्याचा’ हा शब्द कोंकणांतील माणसाला समजावून सांगावा लागत नाहीं. आश्विनी पौर्णिमेला हिंदु घरांतून ‘नव्याची पौर्णिमा’ साजरी होते आणि नवीन भाताच्या लोंब्या दारावर बांधल्या जातात. यहुदी पंचांगहि चंद्राच्या गतीनें चालतें, व एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून ऋतूंशीं मेळ राखतें. त्यामुळें तिश्री महिना बहुधा भाद्रपद-आश्विनाच्याच सुमारास पडतो. हळवा भात नुकता हातीं येत असतो. अशा वेळीं नव्या धान्याची, नारळाच्या रसांतली गोड खीर हेंच त्या भूमीला साजेसें पक्वान्न होतें. पॅलेस्टाइनमधून आलेलें वर्ष कोंकणच्या शेताशीं असें जोडलें गेलें.

पुढें या नववर्षाचें मुख्य पक्वान्न ठरला तो चिकाचा हलवा. त्याची कृति धीराची आहे. गहूं दोन-तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें. मग वाटून फडक्यांतून गाळावयाचे. पांढरें पाणी स्थिर राहिलें म्हणजे तळाशीं चीक बसतो. देशावरील बायका कुरडयांसाठीं काढतात तोच हा चीक. तो नारळाच्या दुधांत साखर घालून मोठ्या पातेल्यांत मंद आंचेवर शिजवावयाचा आणि तासन् तास ढवळीत राहावयाचें. एकट्या बाईचें हें काम नव्हे. घरांतील लहानथोरांचे हात पाळीपाळीनें लागतात. मिश्रण कडा सोडूं लागलें कीं वेलदोडा-जायफळ घालून ताटांत ओतावयाचें, वर बदाम-पिस्त्यांचे काप पसरावयाचे, आणि थापून वड्या पाडावयाच्या.

या हलव्यांत तूप नाहीं, गाईम्हशीचें दूधहि नाहीं. यहुदी धर्मांत मांस आणि दूध एका जेवणांत येऊं देत नाहींत. सणाला मांसान्न असावयाचें, तेव्हां गोडाला दूध-तूप वर्ज्य. ही अडचण परसांतल्या माडानें सोडविली. एकीकडे मोशेचा नियम आणि दुसरीकडे कोंकणचा नारळ, असे दोन्ही वारसे त्या एका वडींत नांदतात.

गहूं मात्र किनाऱ्याचें पीक नव्हे. तो घांटावरून यावयाचा. म्हणून खीर ही शेताची आणि हलवा हा बाजारपेठेचा, असें अनुमान करण्यास जागा आहे. अठराव्या शतकापासून हे लोक फौजेंत व सरकारी चाकरींत शिरून मुंबईस जाऊं लागले होते. सॅम्युएल दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं बांधलें. अलिबागेंतहि इस्राएल आळींत ‘मागेन आबोथ’ मंदिर १८४८ सालीं उभें राहिलें आणि १९१० सालीं पुन्हां बांधलें गेलें. हिब्रू प्रार्थना परत आल्या, पुस्तकें मराठींत छापलीं गेलीं. पण चूल बदलली नाहीं.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, आणि पुढील दशकांत कोंकणचीं शेंकडों कुटुंबें तिकडे निघून गेलीं. तेथें एक कडू प्रसंग वाट पाहात होता. हे लोक पुरते यहुदी आहेत काय, अशी शंका तेथील धर्मपीठानें विवाहाच्या बाबतींत काढली. मोर्चे निघाले, उपोषणें झालीं, आणि १९६४ सालीं त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. वंशावळीचे कागद मागणाऱ्यांपुढें या समाजाजवळ कागद थोडे होते. जें होतें तें पिढ्यान् पिढ्या न चुकलेलें आचरण: शनिवारचा बंद घाणा, निवडलेले मासे, आणि तूप वर्ज्य करून केलेला हलवा.

महाराष्ट्र शासनानें यहुद्यांना २०१६ सालीं अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. तोंवर अलिबागेंतील यहुदी घरें मोजकींच उरलीं होतीं. तिकडे गेलेल्यांच्या शरद ऋतूंत आतां सफरचंद आणि मध सहज मिळतात. तरीहि पुष्कळ मराठी यहुदी घरांतून त्या दिवसांत चिकाचें पातेलें चुलीवर चढतें. सफरचंदाला सुरी आणि क्षणभराचा वेळ पुरतो. हलव्याला तीन दिवस लागतात आणि घरांतलीं सारीं माणसें लागतात. आणि ढवळतां ढवळतां नवगांवची गोष्ट सांगून व्हावयास तेवढा वेळ हवाच असतो.