हातातला श्वास : अँबू बॅगची कुळकथा

पुण्याहून येणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो. तिथून थोडं पुढे, सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला, महात्मा गांधी मिशनचं कामोठ्याचं रुग्णालय आहे. १९८९ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा द्रुतगती मार्ग व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ होता. आज बोरघाटाच्या बाजूला मोठा अपघात झाला, की जखमींना कुठे हलवलं हे सांगणाऱ्या बातमीत ‘एमजीएम, कामोठे’ हे शब्द अनेकदा असतात.

अशा जखमीचा श्वास वाटेतच अडखळू लागला, तर त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत जिवंत आणते ती एक हातात मावणारी लंबगोल पिशवी. एका टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनची नळी. दाबली की हवा छातीत जाते, सोडली की पिशवी आपली आपण फुगते. आयसीयूत तिला पूर्ण नावाने कुणी बोलवत नाही. ‘अँबू घे’, ‘अँबू चालू ठेवा’, एवढंच. व्हेंटिलेटरच्या खाटेशी ती टांगलेली असते. मशीन अडलं, वीज गेली, नळी तुंबली, की सिस्टरचा पहिला हात तिच्याकडे जातो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना व्हेंटिलेटर माहीत असतो, सॅच्युरेशनचा आकडा माहीत असतो, ही पिशवी सहसा माहीत नसते. खरं तर अतिदक्षता विभाग ही सगळी व्यवस्थाच अशा एका पिशवीतून जन्मली आहे.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम या साथरोगांच्या रुग्णालयात ऐन साथीत दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होत होते. विषाणू गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पाडत होता. कृत्रिम श्वासासाठी रुग्णालयाकडे होतं काय? माणसाला मानेपर्यंत आत घालायची एक लोखंडी टाकी आणि छातीवर बांधायची सहा कवचं. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडलेल्या ३१ रुग्णांवर त्यांनी उपचार केले. २७ दगावले.

तिथल्या ब्योर्नेबो या डॉक्टरांना त्याच वर्षीची एक घटना आठवली. धनुर्वात झालेल्या एका तान्ह्या बाळाला ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं आणि पिशवी दाबून श्वास पुरवला होता. भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटर सोडून वॉर्डात येण्याची तेव्हा रीत नव्हती. तरी रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी इब्सेनना बोलावून घेतलं. इब्सेननी दगावलेल्यांचे शवविच्छेदनाचे अहवाल आणि रक्ताचे तपास पाहिले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं होतं आणि डॉक्टर त्याला पोलिओचाच काही गूढ परिणाम मानत होते. इब्सेन म्हणाले, गूढ काही नाही. श्वास पुरत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड शरीरात साचतो आहे. फुप्फुसं ठीक आहेत, फक्त त्यांना हलवणारं कुणी नाही.

२७ ऑगस्टला व्हिवी नावाच्या १२ वर्षांच्या मुलीला पिशवीने श्वास देऊन दाखवायचं त्यांनी ठरवलं. गळ्याला छेद देऊन नळी घातली. सुरुवातीला काहीच जमेना. मुलगी तडफडत होती, छातीत हवा शिरत नव्हती, आणि बघायला जमलेले डॉक्टर आता आशा नाही म्हणून एकेक करून निघून गेले. इब्सेननी तिला पेंटोथल हे भुलीचं औषध दिलं. तिची धडपड थांबली, आणि पिशवीतली हवा आत जाऊ लागली. मुलगी वाचली.

पण मशीन नव्हती, म्हणून हात बोलवावे लागले. सुमारे १,५०० विद्यार्थी, बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांतले, पाळ्या लावून खाटेशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण केवळ या हातांवर जगत होते. विद्यार्थ्यांच्या या कामाचा हिशेब सुमारे १,६५,००० तासांचा सांगतात. त्यातले बरेच जण नुकतेच कुठे डॉक्टरकी शिकू लागलेले, समोर त्यांच्याहून लहान मूल, आणि आपण दोन मिनिटं थांबलो तर ते मरेल हे दोघांनाही ठाऊक. वैद्यकाच्या इतिहासात मला याहून मोठी सामूहिक सेवा आठवत नाही. मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं, पुढे त्याहूनही खाली. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेननी कोपनहेगनच्या कम्यून हॉस्पिटलमध्ये असे रुग्ण एकत्र ठेवून चोवीस तास लक्ष देणारा वॉर्ड चालू केला. जगातला पहिला आयसीयू म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

त्या पिशवीत एक खोट होती. ती भूल देण्याची पिशवी, म्हणजे लुळी. सिलिंडरमधून वायू सतत आला तरच फुगणार, सिलिंडर संपला की हातात नुसतं रबर. पुढे ट्रकचालकांच्या संपामुळे ऑक्सिजन वेळेवर पोहोचेल की नाही अशी वेळ आली, तेव्हा हेनिंग रूबेन या डॅनिश भूलतज्ज्ञाला ही खोट फार बोचली, असं सांगतात. सायकलच्या चाकाच्या तारा जोडून पिशवीच्या आत बसवायच्या, म्हणजे दाब काढला की ती स्वतःच उमलेल आणि भोवतालची साधी हवा ओढून घेईल, ही त्यांची पहिली जुळणी. रूबेननी एक झडपही बनवली होती. तिच्यामुळे रुग्णाने सोडलेला श्वास पिशवीत परत न शिरता बाहेर जातो. होल्गर हेसे हे अभियंते १९३७ पासून कोपनहेगनमध्ये वैद्यकीय उपकरणांचा छोटा कारखाना चालवत होते. दोघांनी मिळून तारांच्या जागी फोम रबर आणलं आणि १९५६ साली पिशवी बाजारात आली. नाव अँबू. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो, तसं आज कुठल्याही कंपनीच्या या पिशवीला अँबूच म्हणतात.

गेल्या जवळपास सत्तर वर्षांत तिचं रबर जाऊन सिलिकॉन आलं, मागे ऑक्सिजन साठवणारी पातळ पिशवी जोडली गेली, बाकी रचना तीच आहे. मोठ्या माणसाची पिशवी सुमारे दीड लिटरची, लहान मुलाची अर्ध्या लिटरची, तान्ह्या बाळाची त्याच्याही निम्मी. लहान मुलांच्या पिशवीवर एक छोटी झडप असते. दाब फार झाला तर ती उघडते आणि कोवळी फुप्फुसं वाचतात. मास्क धरायची पद्धत ठरलेली आहे. अंगठा आणि तर्जनी मास्कवर गोल बसवायची, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली घालून हनुवटी वर उचलायची. हनुवटी उचलली नाही तर जीभ मागे पडते आणि हवा पोटात जाते. मग दुसऱ्या हाताने पिशवी दाबायची, मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जरा वर येईल इतकीच. घाबरलेला माणूस जोरात आणि भराभर दाबतो. त्याने पोट फुगतं, उलटी होते, छातीतला दाब वाढून हृदयाकडे रक्त कमी परततं. जुन्याजाणत्या भूलतज्ज्ञाला पिशवीच्या प्रतिसादावरून कळतं, की कफ अडकलाय, फुप्फुस कडक झालंय की नळी सरकलीय. ही समज शिकायला वर्षं लागतात.

आपल्याकडे या तंत्राचा खरा कस लागला तो धनुर्वातात. मुंबईत जे. जे. आणि ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. फारोख उडवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांना स्नायू सैल करणारी औषधं आणि कृत्रिम श्वास देत सांभाळण्याची पद्धत बसवली, आणि १९८७ साली १५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. इब्सेननी ज्या तान्ह्या बाळापासून सुरुवात केली होती, तोच आजार, तोच उपाय. आमच्या रायगड जिल्ह्यात आणि साऱ्या कोकणात कृत्रिम श्वास लागण्याचं दुसरं कारण आहे मण्यार हा साप. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, चावा फारसा दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. फुप्फुसं धडधाकट असतात. प्रतिविष द्यायलाच हवं, पण लुळे पडलेले स्नायू त्याने लगेच उठत नाहीत. तोवर जो श्वास देत राहील तो रुग्णाला जगवेल.

मला मात्र या पिशवीच्या मराठी मुलखातल्या प्रवासात सगळ्यात मोठं काम गडचिरोलीचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांच्या सेवेचा प्रयोग केला. बाळंतपणं बहुतेक झोपडीतच व्हायची. जन्मल्यावर न रडणारं, निळं पडलेलं बाळ म्हणजे गेलंच, असा समज होता. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. आधी तोंडाने श्वास देणं, मग नळी-मास्क, आणि पुढे पिशवी-मास्क, असं साधन सुधारत गेलं. गंभीर गुदमरलेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं, आणि तिन्ही साधनांत पिशवी सर्वांत सरस ठरली. जगभरच्या बालरोगतज्ज्ञांपुढे हे आकडे मांडले गेले. कोपनहेगनमध्ये विद्यार्थ्यांनी जे केलं, ते इथे दहावीही न झालेल्या बायांनी मातीच्या जमिनीवर, कंदिलाच्या उजेडात केलं. शिकवलं तर हे काम गावातल्या बाईला येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

२०२० च्या मार्चमध्ये व्हेंटिलेटर पुरणार नाहीत म्हणून जगभरचे अभियंते अँबूला मोटर लावू लागले. महिंद्रच्या कांदिवली आणि इगतपुरीच्या कारखान्यांतल्या पथकांनी काही दिवसांत तसा नमुना बनवला. किंमत साडेसात हजारांच्या आत राहील, असा त्यांचा अंदाज होता, तर आयसीयूतलं मशीन पाच ते दहा लाखांचं. पिशवीवर इतका विश्वास होता, की संकटात सगळे तिच्याकडेच वळले. पण मोटरीला फुप्फुस कडक झाल्याचं कळत नाही. तात्पुरता आधार म्हणूनच पिशवीची खरी किंमत.

आणि हा तात्पुरता आधारच जेव्हा उपचार म्हणून नातेवाइकांच्या हाती दिला जातो, तेव्हा त्याला समर्थन नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळाला नाही म्हणून एका १७ वर्षांच्या मुलीला तिचे आईवडील तासन्तास अँबूने श्वास देत राहिले. मुलगी गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कोपनहेगनला विद्यार्थी बसले होते, पण त्यांच्या मागे भूलतज्ज्ञ फिरत होते, रक्ताचे तपास होत होते, पाळी संपली की दुसरा माणूस येत होता. आईबापांना पाळी बदलून मिळत नाही.

२०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा आहे. सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका, त्यांपैकी व्हेंटिलेटरसह प्रगत सोयींच्या २३३. उरलेल्या गाड्यांत श्वास अडला तर भिस्त अँबूवर आणि ती दाबणाऱ्या हातावर. खासगी गाड्यांबद्दल तर खात्रीने काहीच सांगता येत नाही. म्हणून घरचं माणूस एका दवाखान्यातून दुसरीकडे हलवायची वेळ आली, मग ते पेणहून कामोठ्याला असो की कामोठ्याहून मुंबईला, गाडी निघण्याआधी तीन गोष्टी विचारा. अँबू आहे का? रुग्णाच्या मापाची आहे का? आणि वाटेत ती दाबणारा शिकलेला माणूस कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तुम्हीच धरा’ असं आलं, तर दुसरी गाडी मागवा.