बाल्टिमोरहून नगर जिल्ह्यात

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. पण तसं काही नव्हतं. आवाज फक्त थोडा रडवेला होता.

"मावशी, सगळा फॉर्म भरून झालाय. एकच रकाना राहिलाय. तो तू लिहून दे ना."

मी आयुष्यभर फॉर्म भरले ते गॅसचे, रेशनकार्डाचे आणि पोरांच्या शाळेचे. हा फॉर्म होता परदेशातल्या पोस्टडॉक फेलोशिपचा. भाची पुण्यात असते, गेल्या वर्षी तिची पीएच.डी. झाली. विषय कर्करोगाच्या पेशी. आमच्या काका-मामा वाचकांसाठी सांगते, पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षण संपलं असं या लोकांचं नसतं. त्यानंतर दोन-तीन वर्षं दुसऱ्या एखाद्या नावाजलेल्या प्रयोगशाळेत जाऊन काम करायचं, तिथली विद्या शिकायची, आणि मग स्वतःचं दुकान मांडायचं. त्यासाठी जी शिष्यवृत्ती मिळते ती ही फेलोशिप.

तर अर्जात काय काय नव्हतं! कोणता प्रश्न सोडवणार, कसा सोडवणार, नेमकी हीच प्रयोगशाळा का, तिथल्या प्रमुखांचं संमतिपत्र, गुरूंची शिफारसपत्रं, खर्चाचा अंदाज. हे सगळं तिनं दोन महिने खपून केलं होतं. अडलं होतं ते शेवटच्या प्रश्नावर. "मायदेशी परतल्यावर या प्रशिक्षणाचा उपयोग कसा कराल? शब्दमर्यादा २५०."

"अगं, त्यात काय अवघड आहे?" मी म्हटलं.

"मी परत येईनच असं मला आज कुठे माहीत आहे? आणि आले तर नोकरी मिळेल का, लॅब मिळेल का, तेही माहीत नाही. सगळे लिहितात, परत येऊन देशाची सेवा करणार. मी पण तसंच ठोकून देऊ का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. झोप मात्र लागली नाही. आणि मग आठवल्या कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर २०२१ ला गूगल उघडल्यावर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या एका बाईंचं चित्र दिसलं होतं. रणदिवे हे मराठी नाव बघून कुतूहल वाटलं आणि मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता एका ओळीवर थबकलेच. त्या ओळीत 'अकोले तालुका' होता. माझा अकोले! माझे वडील तिथे शिक्षक होते, माझी शाळेची पहिली सहा वर्षं तिथे गेली. पण ते नंतर. आधी बाईंची गोष्ट.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा होती असं सांगतात. मुलीनं दोन्ही केलं नाही. ती वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे गेली, आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाली. विषय काय, तर सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं! सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास कुठल्या फॉर्मच्या रकान्यात बसला असता, सांगा बरं.

लग्नानंतर मुंबई. तिथे १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालेलं होतं आणि तिथे होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. हे स्वतः लंडनला पॅथॉलॉजी शिकून परत आलेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. शिकत असताना नवऱ्याची साथ होती, हेही आवर्जून सांगायला हवं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. आजही कितीशी साधी आहे म्हणा.

पीएच.डी. झाल्यावर खानोलकरांनीच त्यांना सांगितलं, अमेरिकेत फेलोशिप घेऊन जा. गेल्या त्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हीच प्रयोगशाळा का? या प्रश्नाचं उत्तर इथे अगदी स्वच्छ आहे. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, याला टिश्यू कल्चर म्हणतात. आज ऐकायला सोपं वाटतं, पण तेव्हा माणसाच्या पेशी बाहेर काढल्या की बहुधा थोड्याच दिवसांत मरत. गाय यांची सगळी हयात या एका गोष्टीच्या मागे गेली. नळ्या सावकाश फिरत्या ठेवणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. पेशींचं खाणं म्हणून कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, बाळंतिणीच्या वारेतलं रक्त, असलं काय काय गोळा करून तेही स्वतःच तयार करत. पत्नी मार्गारेट बरोबरीनं राबत. १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढल्या आणि मेल्याच नाहीत. त्याच त्या जगभर गेलेल्या हेला पेशी. त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कुणी विचारलंही नव्हतं, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की असली विद्या पुस्तकातून येत नाही. भांडी किती वेळा धुवायची, जंतू कुठून शिरतात, पेशी आजारी पडायला लागली हे नुसतं बघून कसं ओळखायचं... हे म्हणजे लोणच्यासारखं आहे. कृती लिहून दिली तरी आईच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय जमत नाही. फेलोशिप म्हणजे खरं तर त्या शेजारी उभं राहण्याचा खर्च.

कमलताई परत आल्या. खानोलकरांनी १९५२ मध्ये उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. टिश्यू कल्चरची ती देशातली पहिली मानली जाते. उंदरांवर काम करून स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं, विषाणू आणि आनुवंशिकता यांचे धागे त्यांनी शोधले. १९५८ मध्ये बापट आणि खानोलकर यांच्याबरोबर त्यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, आणि पुढे लसीच्या संशोधनात त्यांचा उपयोग झाला. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण. पण या यादीपेक्षा मला मोठं वाटतं ते हे, की बाल्टिमोरला जे शिकायला त्यांना सातासमुद्रापार जावं लागलं, ते शिकायला नंतरच्या मुलामुलींना परळपर्यंत गेलं तरी पुरलं.

१९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीला या संघटनेचं वसतिगृह आणि पाळणाघर उभं राहिलं. पाळणाघर! प्रयोग रात्री आठला संपतो आणि पोर शाळेतून पाचला येतं, हे ज्यांनी भोगलं असेल त्यांनाच असं काही सुचणार.

आणि आता माझा अकोले. उत्तर आयुष्यात कमलताई आमच्या जिल्ह्यात आल्या. आमचं अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोले तालुक्यात, 'सत्यनिकेतन' या संस्थेबरोबर, त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचं, आहाराबद्दल शिकवण्याचं कामही निवृत्तीनंतर केलं. माझ्या वर्गात महादेव कोळी आणि ठाकर घरातली मुलं असायची. काही जण पावसाळ्यात नाचणीची अर्धी भाकरी बांधून यायची, काही जण तीही नाही. बाक तोच, वर्ग तोच, पण ती मुलं माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. हे असं का, असा प्रश्न मला कधी पडला नाही, याची आता लाज वाटते. बाल्टिमोरच्या नळीत पेशीला काय खायला घालावं हे शिकलेल्या बाईंना मात्र तो पडला.

त्यांच्या अमेरिकेच्या अर्जात 'अकोले' हा शब्द असेल असं मला मुळीच वाटत नाही.

मग वाटलं, याच्या अगदी उलटही उदाहरण आपल्याकडेच आहे की. जिल्ह्याच्या नकाशात अकोले वायव्येच्या टोकाला, तर जामखेड आग्नेयेच्या. एकीकडे कळसूबाईचा धो धो पाऊस, दुसरीकडे कायमचा दुष्काळ. जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे आपल्याच सुप्याचे. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल, दोघं वेल्लोरला शिकले. खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत गेले आणि शेवटी पोचले कुठे, तर त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये! भारतात जन्मलेले कार्ल टेलर तिथे सार्वजनिक आरोग्य शिकवत. आरोळ्यांनी आपल्या प्रकल्पाचा आराखडा तिथेच बसून केला आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं.

पण त्यांचाही आराखडा जसाच्या तसा टिकला नाही. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात. मग गावानंच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित अशा बायकांना त्यांनी शिकवायला घेतलं. आठवड्यातून एकदा या बायका जामखेडला यायच्या, शिकून गावी परतायच्या. सुरुवातीच्या नोंदींनुसार त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ वर्षाच्या आत जात होती. पाचेक वर्षांत तो आकडा निम्म्याच्याही खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, कमलताई २००१ मध्ये, डॉ. आरोळे २०११ मध्ये.

म्हणजे बघा, शिकायला गेले एकाच विद्यापीठात. एकाला परतायचं गाव आधी ठाऊक होतं, दुसरीला ते कित्येक वर्षांनी सापडलं. पण शेवटी दोघांनी केलं एकच. आपल्याला जे येतं ते दुसऱ्याच्या, त्यातही बायकांच्या, हातात दिलं.

सकाळी भाचीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, त्या तरी परत आल्याच ना. मी नाही आले तर?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मनातून मला ती परत यायला हवी आहे, ताईला तर हवीच आहे. पण तो हट्ट फॉर्मात कशाला? मी एवढंच म्हटलं, "जे माहीत नाही ते लिहू नकोस. तिथे नेमकं काय शिकणार हे तुला पक्कं माहीत आहे. ते कुणाला शिकवशील, एवढंच लिही."

संध्याकाळी तिनं लिहिलेलं मला पाठवलं. देशसेवा वगैरे शब्द नव्हते. आपल्याकडे हे तंत्र अजून किती थोड्या ठिकाणी येतं, आपण ते शिकलो तर दर वर्षी पुण्याच्या जुन्या विभागात येऊन पंधरा दिवसांची कार्यशाळा कशी घेऊ, त्याला काय सामान लागेल, किती मुलं बसतील, असं सगळं होतं. शेवटी एक वाक्य, "मला कायमचं परतायची इच्छा आहे; पण तिथे नोकरी मिळेल की नाही हे मी आज सांगू शकत नाही." १९० शब्दांतच आटोपलं.

हे वाक्य ठेवू की काढू, असं तिनं विचारलं. काढलंस तर बरं, असं ताईचं मत पडलं. मी ठेव म्हटलं. फेलोशिप गेली तर ताई मला आयुष्यभर बोलेल, हेही मला ठाऊक आहे.

तिनं ठेवलं. फॉर्म गेला. निकाल तीन महिन्यांनी. कळवीनच.