टेरा: तहानलेली माती

मी चंदगडहून बोलतोय. आजच्या भागात एका शब्दाची गोष्ट: टेरा. लॅटिन भाषेत जमीन, माती, पृथ्वी.

शब्द परका वाटेल. पण आमच्याकडे कुणी 'काजू टेरेसवर वाळत घातलेत' म्हणतं, तेव्हा तो टेराच असतो. मातीचा भराव घालून केलेली सपाट जागा म्हणजे टेरेस. फ्रेंच, इंग्रजी करत ती आपल्या स्लॅबवर चढली. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती. टेराबाइट मात्र यातला नव्हे बरं का! तो ग्रीकमधल्या राक्षसावरून आलाय.

रोमन लोकांची भूदेवी तेल्लुस. तिलाच टेरा मातेर, म्हणजे भूमाता, असंही म्हणत. इ.स.पू. 268 मध्ये ऐन लढाईत भूकंप झाला आणि सेनापती सेम्प्रोनियस सोफस यानं तिचं देऊळ बांधायचा नवस केला. दर 15 एप्रिलला तिला गाभण गाय बळी देत, कारण शेतातलं बी तेव्हा जमिनीच्या पोटात वाढत असे. कर्नाटकातल्या मलनाडात आजही भूमी हुण्णिमेला पिकानं भरलेल्या जमिनीचे डोहाळे पुरवतात. दोन्हीकडे जमीन पोटुशी!

शास्त्रज्ञांनीही देवीला सोडलं नाही. क्लापरोथनं 1789 मध्ये आकाशदेवाचं नाव असलेल्या ग्रहावरून युरेनियम हे नाव दिलं, तर 1798 मध्ये तेल्लुसवरून टेल्युरियम. डिसेंबर 1999 मध्ये नासानं सोडलेल्या उपग्रहाचं नाव टेरा. तो वरून जमीन, समुद्र, हवा यांची नोंद घेतो.

आणि कोल्हापूर? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन जगातून आलेली पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. टाऊन हॉल म्युझियममध्ये बघा. हा समुद्रदेव, पण ग्रीक त्याला भूमी हलवणारा म्हणत.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. टेराचं मूळ 'कोरडं असणं' या अर्थाच्या धातूत आहे. समुद्र ओला, जमीन कोरडी. त्याच मुळातून संस्कृतात तृष्णा आली आणि तृष्णेची मराठीत झाली तहान. म्हणजे टेरा आणि तहान सख्ख्या चुलत बहिणी!

आपण जमिनीला धरणी म्हटलं, धरून ठेवणारी. पृथ्वी म्हटलं, पसरलेली. तहान काही तिच्या नावात आली नाही. चंदगडात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या सड्यावर तो ठरत नाही. मे महिन्यात तिथंच ओल शोधावी लागते. म्हणून पुढचं बोअर मारण्याआधी एवढंच विचारा: पावसाळ्यात आपण हिला किती प्यायला दिलं?

भेटू पुढच्या भागात.