खुर्ची आणि वेदी

'धर्मगुरूंनी राजकारणात पडू नये' हे वाक्य निवडणुकीच्या हंगामात आपल्या धर्मग्रामांत हमखास ऐकू येते. असे म्हणणाऱ्यांत प्रामाणिक भाविक असतात, तसेच अन्यायाचा उच्चारही चर्चमध्ये नको असणारे लोकही असतात. या एका वाक्यात दोन निराळे अर्थ दडले आहेत. ते उलगडून पाहण्यास १९८० या वर्षातील दोन घटना उपयोगी पडतात.

अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरू फादर रॉबर्ट ड्रायनन व्हिएतनाम युद्धाला विरोध करीत १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्समधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. एकूण पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा, असा ठराव १९७३ मध्ये त्यांनी मांडला. परंतु सभागृहात बसणाऱ्यास प्रत्येक प्रश्नावर मत द्यावे लागते. गर्भपातावरील सरकारी खर्च रोखण्यास त्यांनी केलेला विरोध अनेक कॅथलिकांना खुपला. मे १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आदेशावरून त्यांनी पुन्हा उभे राहण्याचा विचार सोडला. शासनसत्तेत सहभाग असलेले पद धर्मगुरूंना वर्ज्य आहे, असे १९८३ ची धर्मविधिसंहिताही सांगते.

त्याच वर्षी, २४ मार्च रोजी, एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो मिस्सा अर्पण करीत असताना गोळीला बळी पडले. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते. १२ मार्च १९७७ रोजी शेतमजुरांमध्ये काम करणारे फादर रुतिलियो ग्रांदे व त्यांचे दोन सोबती मारले गेले. तेव्हा चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही, असे रोमेरो यांनी जाहीर केले. रविवारच्या प्रवचनात ते मारल्या गेलेल्या व बेपत्ता झालेल्या लोकांची नावे वाचीत. डाव्या गटांच्या हिंसेचाही ते निषेध करीत. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी सैनिकांना सांगितले, की हत्येचा हुकूम देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे, तो पाळू नका. विरोधकांनी यालाच 'राजकारण' म्हटले. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

यात विसंगती नाही. ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही. मात्र माणसाच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न आला, की राजकीय बाबींवरही नैतिक निर्णय देण्याचा तिला अधिकार आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट केले होते. खुर्चीवर बसलेला धर्मगुरू एका पक्षाचा होतो, आणि मग दुसऱ्या पक्षातील भाविकाने वेदीपाशी कोणत्या मनाने यावे? पण मारल्या गेलेल्याचे नाव वेदीवरून उच्चारले नाही, तर त्याच्या विधवेने तरी कोणत्या मनाने यावे?

सत्तापदे सांभाळणे हे प्रापंचिकांचे काम आहे, आणि त्यासाठी आपली मुले-मुली सज्ज होणे अगत्याचे आहे. धर्मगुरूंनी आपल्याकडे मते मागू नयेत. त्यांनी सत्य सांगितले, तर मात्र ते राजकारण म्हणून झटकण्यापूर्वी आपण एक प्रश्न स्वतःला विचारावा: हा शब्द कोणाच्या खुर्चीसाठी आहे, की कोणाच्या जिवासाठी?